मॉरिशस की श्रीलंका?

तर झालं असं, की या वर्षी आठ दिवसांची रजा मंजूर झाली आणि घरात दोन पक्ष पडले. बायकोचा पक्ष मॉरिशस, माझा श्रीलंका. मी पडलो इंजिनिअर, लगेच एक्सेल उघडलं. विमानाचं भाडं, हॉटेल, व्हिसा, पाऊस, व्हेज जेवण... सगळ्याला गुण दिले, बेरीज केली. बरोबरी! समुद्र दोन्हीकडे, नारळ दोन्हीकडे. मग टाय-ब्रेकर म्हणून 'इतिहास' असा एक कॉलम घातला आणि तिथेच फसलो. अख्खा शनिवार-रविवार त्यातच गेला.

दोन्ही देशांची गोष्ट सुरुवातीला इतकी सारखी आहे की कॉपी-पेस्ट वाटावं. इंग्रजांनी लंकेचा किनारा १७९६ साली डचांकडून घेतला आणि मॉरिशस १८१० साली फ्रेंचांकडून. पुढे दोन्हीकडे प्रश्न एकच, मळ्यात राबणार कोण? मॉरिशसमध्ये ऊस होता आणि १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. लंकेच्या डोंगरात आधी कॉफी होती. १८६९ पासून तिच्यावर तांबेरा पडला आणि मळेवाले चहाकडे वळले. उत्तरही दोन्हीकडे एकच निघालं. भारतातून माणसं आणा!

२ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं अशी मॉरिशसला उतरली. बरीचशी बिहारकडची, काही तमिळ-तेलुगू मुलखातली, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातलीही. (त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. गणेशचतुर्थीला तिथे चक्क सरकारी सुट्टी असते.) पाच वर्षांचं 'अ‍ॅग्रीमेंट', त्याचं बोलीत झालं गिरमिट. एक दिवस खाडा केला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, अशी पद्धत. ही माणसं जिथे उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

लंकेला जाणारे तमिळ मजूर मन्नारच्या बाजूला उतरायचे आणि जंगलातून चालत डोंगर गाठायचे. कित्येक जण वाटेतच गेले. जे पोचले त्यांना मळ्यावर 'लाइन'मध्ये एकेक खोली मिळाली. आपल्या लाडक्या (आणि सचिनच्या नावडत्या!) मुरलीधरनचे आजोबाही दक्षिण भारतातून चहाच्या मळ्यावर कामालाच गेले होते.

इथपर्यंत कॉलममध्ये दोघांना सारखेच गुण. मग आलं १९४८ साल.

त्या वर्षी मॉरिशसमध्ये नव्या घटनेप्रमाणे निवडणूक झाली. तोवर मत होतं ते मूठभर श्रीमंतांना. आता अट एवढीच, की बेटावर चालणाऱ्या कुठल्याही भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली पाहिजेत. हिंदी, तमिळ, काहीही चालेल. बासदेव बिसुनदयाल आणि त्यांचे कार्यकर्ते गावोगाव वर्ग घेऊन लोकांना अक्षरं शिकवत होते. ऊसतोड करून आलेला माणूस रात्री कंदिलाशी बसून स्वतःचं नाव गिरवतोय, का, तर मत द्यायचंय! वीस वर्षांनी, १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा पंतप्रधान होते शिवसागर रामगुलाम. त्यांचे वडील बिहारमधून गिरमिटावर आलेले.

त्याच १९४८ मध्ये लंका स्वतंत्र झाली आणि काही महिन्यांतच नागरिकत्वाचा कायदा आला. अट अशी: तुमचा जन्म इथला असून भागणार नाही, वडीलही लंकेतच जन्मलेले हवेत. ते नसेल तर आजोबा आणि पणजोबा दोघेही. आणि हे सिद्ध तुम्ही करायचं. मळ्यात जन्माची नोंद कोण ठेवतो? लाखो माणसं बसल्या जागी कुठल्याच देशाची राहिली नाहीत. पुढच्या वर्षी मतही गेलं. १९४७ च्या निवडणुकीत मळ्यातल्या लोकांच्या पक्षाने सात जागा जिंकल्या होत्या. १९५२ मध्ये शून्य.

१९६४ साली आपले शास्त्रीजी आणि सिरिमाओ बंदरनायके यांनी करार केला. ९ लाख ७५ हजार माणसांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यायची, ३ लाख लंकेने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. १९७४ मध्ये तीही निम्मी-निम्मी वाटली. वाटणी आधी ठरली, माणसांना विचारलं नंतर! लंकेत मागे उरलेल्यांचा प्रश्न मिटवणारा कायदा यायला २००३ साल उजाडलं.

रविवारी दुपारी मी ती १९४८ ची अट स्वतःला लावून पाहिली. आईने कपाटातली फाइल काढून दिली. बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारीख १ जून. खरे ते श्रावणातले, मास्तरांनी शाळेत घालताना १ जून टाकून दिली. आजोबांच्या दाखल्यावरही १ जूनच! पणजोबांचं तर नुसतं नाव माहितीये. बायको म्हणाली, "अरे, मग तुला तर सासवडमध्येपण ठेवणार नाहीत." हसलो दोघंही, पण जरा वेळ फाइल तशीच उघडी राहिली.

आता मॉरिशसवाले थोर आणि लंकावाले वाईट, असा निकाल लावू नका. मॉरिशसमध्ये भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य होते, लंकेत मळ्यातले तमिळ साधारण दहातले एक. आकडे उलटे असते तर? १९६७ च्या निवडणुकीत मॉरिशसमध्ये ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली, कारण इतरांना बहुसंख्य हिंदूंची धास्ती होती. स्वातंत्र्याच्या तोंडावर पोर्ट लुईत दंगलही झाली. पण तिथे घटनेतच एक सोय आहे: कमी निवडून आलेल्या समाजांतल्या हरलेल्या उमेदवारांमधून जास्तीत जास्त आठ जणांना संसदेत घ्यायचं. 'बेस्ट लूजर' म्हणतात त्याला. माणसाला जातीधर्माचं लेबल लावते म्हणून तिच्यावर टीका खूप होते, आणि ती खोटी नाही. पण थोडक्यांना वगळायचं की त्यांच्यासाठी खुर्ची राखायची, हा निर्णय कोणीतरी बसून घेतलेला असतो. तो हवामानासारखा आपोआप येत नाही.

असो. "तू ट्रिप प्लॅन करतोयस की प्रबंध लिहितोयस?" असं दोनदा विचारून झाल्यावर मी एक्सेल बंद केलं. या वर्षी श्रीलंका, त्यात दोन दिवस हॅटनच्या चहामळ्यांत. मॉरिशस पुढच्या वर्षी, आप्रवासी घाटासकट, असं लेखी कबूल करून घेतलंय तिने. चहाच्या हिरव्या उतारावर पाठीला टोपली लावलेल्या बाईचा फोटो सगळेच काढतात. मी काढलाच तर आधी तिला विचारून.

आणि हो, तुमच्या आजोबांचा जन्मदाखला घरात आहे का, एकदा शोधून बघा.