आम्लपित्त आणि कोकणातील आहार

आम्लपित्त (संस्कृत: अम्लपित्त) हा जठरातील आम्ल रस अन्ननलिकेत उलटा चढल्यामुळे किंवा जठरातच त्याचा त्रास होऊ लागल्यामुळे उद्भवणारा पचनविकार आहे. छातीत जळजळ, आंबट किंवा करपट ढेकर, अन्न घशाशी येणे आणि मळमळ ही त्याची नेहमीची लक्षणे होत. या विकारात औषधांइतकेच महत्त्व आहाराला, जेवणाच्या वेळांना आणि झोपण्याच्या रीतीला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार कोकणातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील पोफळी आणि घाटपायथ्याच्या परिसरातील अन्नपद्धतीच्या संदर्भात केला आहे.

संज्ञा

मराठी बोलण्यात ‘पित्त’ हा शब्द अनेक निरनिराळ्या गोष्टींसाठी येतो आणि त्यांतील फरक बहुधा क्रियापदावरून कळतो. ‘पित्त झाले’ म्हणजे जळजळ व आंबट ढेकर. ‘पित्त उठले’ म्हणजे अंगावर खाजणाऱ्या लाल गांधी आल्या. हा त्वचेवरील वावडे-विकार असून जठरातील आम्लाशी त्याचा थेट संबंध नाही. ‘पित्त चढले’ असे म्हणणाऱ्याचे अर्धे डोके दुखत असते, उजेड सहन होत नाही आणि उलटी झाल्यावर बरे वाटते. हे वर्णन बहुतेक वेळा अर्धशिशीचे असते. ‘पित्त पडले’ म्हणजे उलटीतून पिवळे-हिरवे पाणी पडले. हे पाणी यकृतात तयार होणारा पित्तरस असते व तो आम्ल नसून किंचित अल्कधर्मी असतो. आयुर्वेदातील ‘पित्त’ हा दोष या सर्वांहून व्यापक आहे.

हा शब्दांचा गोंधळ केवळ भाषिक नाही. एका ‘पित्ता’वरचा उपाय दुसऱ्या ‘पित्ता’वर केला जातो, असे त्यामुळे घडते. अंगावर उठलेल्या गांधींना आमसुलाचे पाणी लावण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. त्याच आधारावर आमसूल ‘पित्तशामक’ ठरले आणि छातीत जळजळणाऱ्यालाही तेच आंबट पाणी प्यायला दिले जाऊ लागले.

विकाराचे स्वरूप

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवते. अन्नाचे, विशेषतः प्रथिनांचे, पचन आणि जंतूंचा नाश ही त्याची कामे होत. जठराचे अस्तर हे आम्ल सहन करते. अन्ननलिकेचे अस्तर करू शकत नाही. दोहोंच्या सांध्यावर वर्तुळाकार स्नायूंचे कडे असते. गिळताना ते उघडते आणि एरवी मिटलेले राहते. हे कडे सैल पडले, अवेळी उघडले किंवा पोटातील दाब वाढला, की आम्ल वर चढते. म्हणून या विकारात पुष्कळदा आम्ल फार झालेले नसते. ते केवळ चुकीच्या जागी गेलेले असते. लठ्ठपणा, गरोदरपण, कमरेला घट्ट आवळलेली नाडी, भरल्या पोटी वाकून केलेले काम आणि जेवताच आडवे होणे या सर्वांचा परिणाम दाबामार्फत होतो. तंबाखू, मद्य आणि अतिस्निग्ध अन्न यांमुळे कडे सैल पडते.

जठरातील व्रण हा वेगळा विकार आहे. तिखट खाण्याने आणि चिंतेने व्रण होतो, असा समज दीर्घकाळ होता. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला आणि तो व्रणाचे प्रमुख कारण असल्याचे दाखवले. २००५ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. वेदनाशामक गोळ्या हे व्रणाचे दुसरे मोठे कारण आहे. अंगदुखीसाठी रोज उपाशीपोटी अशी गोळी घेणाऱ्याने मिरचीला दोष देणे अस्थानी ठरते.

आयुर्वेदातील वर्णन

अम्लपित्ताचे स्वतंत्र व सविस्तर विवेचन काश्यपसंहितेच्या खिलस्थानात आणि माधवनिदानात आढळते. माधवनिदानात त्याचे ऊर्ध्वग (वर जाणारे) आणि अधोग (खाली जाणारे) असे दोन प्रकार केले आहेत. काश्यपाने दिलेल्या कारणांत शिळे अन्न, कुळीथ, जेवणावर पुन्हा जेवण आणि जेवून लगेच दिवसा झोपणे यांचा समावेश होतो.

कोकणच्या दृष्टीने काश्यपाचे आणखी एक निरीक्षण लक्षणीय आहे. हा विकार प्रायः आनूप देशात, म्हणजे पाणथळ व दमट प्रदेशात होतो, असे तो सांगतो. उपचारांनी न शमल्यास रोग्याने दुसऱ्या प्रदेशात जावे, असा सल्लाही तो देतो. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणारा चिपळूणचा परिसर आनूप देशाच्या व्याख्येत सहज बसतो. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येप्रमाणे पावसाळ्यात अग्नी मंद होतो, पित्त साचते आणि शरदात, म्हणजे आश्विन-कार्तिकात, ते प्रकोप पावते.

पोफळी परिसर

पोफळी हे गाव चिपळूण–कराड मार्गावर, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसले आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचे भूमिगत वीजगृह येथे असून तेथून १९६२ पासून वीज निर्माण होते. येथील आयुष्यक्रमात आम्लपित्ताला पोषक ठरणाऱ्या दोन अगदी भिन्न सवयी शेजारी शेजारी दिसतात.

पहिली शेतीची. आषाढात भाताची लावणी सुरू झाली, की पहाटे कोरा चहा घेऊन शेतावर जायचे, उशिरा भाकरी खायची आणि भरल्या पोटी पुन्हा कमरेत वाकून आवण लावायचे, असा क्रम असतो. पोट दाबले जाते व घशाशी येते. लावणीच्या दिवसांत दुपारचे जेवण एकदम न घेता दोन वेळा थोडे थोडे घेणे आणि जेवणानंतरचा पहिला तास बसून वा उभ्याने करायच्या कामाला देणे हा सोपा उपाय आहे. तो सर्वांना परवडतोच असे नाही. पाऊस आणि गडी कोणाच्या सोयीने थांबत नाहीत.

दुसरी सवय पाळीची. वीजनिर्मितीसारखे काम दिवसरात्र चालते. रात्रपाळीत जागरण, वारंवार चहा, तळलेला फराळ आणि सकाळी घरी येऊन भरपेट जेवून लगेच झोप, हा क्रम विकाराला आमंत्रण देतो. अशा व्यक्तीने मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी घ्यावे आणि परतल्यावर पेज किंवा मऊ भात यांसारखे हलके अन्न घेऊन काही वेळाने झोपावे.

गावाच्या नावाचा उल्लेखही येथे अप्रस्तुत नाही. पोफळी म्हणजे सुपारीचे झाड. सुपारी पाचक मानून जेवणानंतर चघळली जाते आणि बहुधा तिच्याबरोबर तंबाखूही येते. तंबाखूने अन्ननलिकेचे कडे सैल होते. सुपारीचे सेवन तर स्वतंत्रपणेच कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. बडीशेप किंवा ओवा हा पर्याय सुपारीहून कितीतरी बरा.

आहारातील पदार्थ

आमसूल व सोलकढी: कोकमाच्या (रातांब्याच्या) फळाची साल त्याच फळाच्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवली, की आमसूल तयार होते. मीठ घालून टिकवलेल्या रसाला आगळ म्हणतात. साखरेत मुरवलेल्या कोकमाचे सरबत होते. कोकम स्वभावतः आंबट, म्हणजे आम्लधर्मी आहे. जठरातील आम्ल मारण्याचा गुण त्यात असू शकत नाही. उन्हाळ्यात तहान भागवणे, तोंडाला चव आणणे आणि जेवण रुचकर करणे ही त्याची खरी कामगिरी आहे. ज्याला सोलकढी सोसते त्याने ती सोडण्याचे कारण नाही. मात्र नारळाच्या दाट दुधाची, लसूण व हिरवी मिरची घातलेली वाटीभर सोलकढी रात्री जेवणाअखेर पिऊन अंथरुणाला पाठ टेकणाऱ्याने जळजळीचे कारण अन्यत्र शोधू नये. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आगळातील मिठाचाही हिशेब ठेवावा.

पेज, नाचणी, कुळीथ: उकड्या तांदळाची पेज, मुगाचे कढण, आटवल भात आणि नाचणीची भाकरी किंवा आंबील हे कोकणातील जुने अन्न स्निग्धांशाने कमी असल्यामुळे जठरातून लवकर पुढे सरकते. यांतील आंबील आंबवलेली असेल तर काहींना ती सोसत नाही. न आंबवलेली ताकाविना घ्यावी. कुळथाची पिठी हलकी म्हणून आजाऱ्याला दिली जाते. आयुर्वेदाने मात्र कुळीथ उष्ण व पित्तकर मानला आहे, आणि पिठीला दिलेल्या लसूण-मिरचीच्या फोडणीचाही वाटा असतो. मूग बहुतेकांना मानवतो.

मासळी: कालवणातील मासळी तळलेल्या मासळीपेक्षा बरी. त्रास मासळीपेक्षा तळणातील तेलाचा आणि वाटणातील तिखटाचा असतो.

उपवासाचे पदार्थ: श्रावणात आणि चातुर्मासात वैद्याकडे जाणाऱ्यांनी ‘काल उपवास होता’ असे सांगावे, यात विरोधाभास वाटेल, पण तो नाही. दिवसभर चहावर राहून रात्री शेंगदाण्याचे कूट व तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे आणि बटाट्याचा कीस खाल्ला, तर जठरावर नेहमीपेक्षा जास्त भार पडतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण वैद्यकीयदृष्ट्याही खरी आहे. वरीचा भात, फळे व राजगिरा अधिक सोसतात. शिवाय आमटीसाठी शेंगदाण्याचे कूट चमचाभर पुरते.

दूध: थंड दुधाने जळजळ तात्पुरती शमते. पुढे दुधातील प्रथिने व कॅल्शियम यांमुळे आम्लस्राव पुन्हा वाढतो. कोजागरीचे आटवलेले दूध मध्यरात्री पिऊन झोपणे तर शरदातल्या पित्ताशी उघड वैर होय.

टाळायच्या पदार्थांची एकच यादी सर्वांना लागू पडत नाही. चहा, टोमॅटो, लिंबू, तिखट, तळण यांपैकी काय बाधते हे व्यक्तिपरत्वे बदलते. दोन-तीन आठवडे खाणे, वेळ आणि त्रास यांची वहीत नोंद ठेवल्यास प्रत्येकाला स्वतःची यादी सापडते. उगाच दहा पदार्थ सोडणाऱ्याचे पोषण बिघडते. वजन जास्त असल्यास ते कमी करण्याचा उपयोग कोणताही एक पदार्थ वर्ज्य करण्यापेक्षा अधिक होतो.

झोपण्याची रीत

रात्रीचे जेवण आणि झोप यांत किमान दोन ते तीन तासांचे अंतर असावे. खाटेच्या डोक्याकडील पायांखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीच्या विटा ठेवाव्यात. उशा वाढवल्याने केवळ मान वाकते व पोट दुमडते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी कमरेपासून वर उतार येईल अशा रीतीने गोधड्यांच्या घड्या घालाव्यात.

डाव्या कुशीवर झोपल्यास जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या सांध्याहून खाली राहतो व आम्ल वर चढण्यास कमी वाव मिळतो. उजव्या कुशीवर उलट घडते. मराठीत दुपारच्या विश्रांतीला ‘वामकुक्षी’ म्हणतात आणि वाम म्हणजे डावा. शब्दात जपलेली ही सूचना आता बहुतेकांच्या विस्मरणात गेली असून वामकुक्षी म्हणजे नुसती दुपारची झोप, असाच अर्थ रूढ झाला आहे.

अपायकारक उपाय

सकाळी दात घासताना घशात बोटे घालून ‘पित्त काढण्याची’ सवय ग्रामीण महाराष्ट्रात आहे. तिने आम्ल मुद्दाम अन्ननलिकेत व दातांवर आणले जाते. दातांचे कवच झिजते आणि घसा सोलवटतो. मिश्री लावण्याची सवय याच्या जोडीला असल्यास तंबाखूचा दोषही भरीस पडतो. वैद्याने पथ्यपूर्वक दिलेले वमन आणि रोजची ही ओकारी यांत काहीही साम्य नाही.

खाण्याचा सोडा पाण्यातून घेतल्यास आम्ल मारले जाते, वायू सुटतो व ढेकर येऊन बरे वाटते. त्यातील सोडियममुळे रक्तदाबाच्या, हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तो टाळावा. सूतशेखरासारखे रसकल्प धातुयुक्त असतात. ते केवळ वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावेत.

औषधोपचार

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गटातील औषधे आम्लस्राव कमी करतात. ती जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागतात. जेवणानंतर त्रास झाल्यावर घेतल्यास त्यांचा पुरेसा उपयोग होत नाही. नेहमीचा उपचार सुमारे आठ आठवड्यांचा असतो. पुढे ती चालू ठेवावीत की थांबवावीत हे डॉक्टरांनी ठरवावे. एकेकाळी घरोघरी असलेली रॅनिटिडीन ही गोळी २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळण्यात आली.

धोक्याची लक्षणे

हृदयविकाराचा झटका आणि आम्लपित्त यांची वेदना छातीत एकाच ठिकाणी जाणवू शकते. छातीवर दाब येणे, वेदना डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणे, घाम फुटणे, धाप लागणे ही लक्षणे असल्यास ‘पित्त असेल’ म्हणून सोडा किंवा आमसुलाचे पाणी देत बसू नये. सोड्याने बरे वाटले म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. स्त्रियांमध्ये व मधुमेही रुग्णांमध्ये झटका केवळ पोटाच्या वरच्या भागातील अस्वस्थता व मळमळ या रूपातही येतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पोफळीहून चिपळूणला जाणाऱ्या रस्त्यावर, विशेषतः पावसात, वेळ मोडतो, ही गोष्ट निर्णय घेताना लक्षात ठेवणे इष्ट.

गिळताना अन्न अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, कारण नसताना वजन घटणे, रक्त कमी होणे किंवा उतारवयात प्रथमच सुरू झालेली जळजळ यांपैकी काहीही आढळल्यास आहाराचे प्रयोग थांबवून दुर्बिणीद्वारे जठराची तपासणी करून घ्यावी लागते.