सायकलस्वारांच्या सामुदायिक सफरी : त्यांच्या नियोजनाचा अल्प इतिहास

एकट्या मनुष्याने सायकलीवर बसून फिरावयास जाणे यास कोणत्याही व्यवस्थेची गरज नसते. मनात आले, निघाला, थकला, परतला. परंतु वीस माणसे एकत्र निघाली म्हणजे कोठे जावयाचे, केव्हा निघावयाचे, कोणत्या गतीने चालावयाचे, विसावा कोठे घ्यावयाचा आणि मागे राहिलेल्याची वाट कोणी पाहावयाची, असे पाच प्रश्न एकदम उभे राहतात. यांपैकी शेवटचा प्रश्न दिसण्यात सर्वांत लहान. पण आमच्या मते बाकीच्या चारांची उत्तरे त्याच्याच उत्तरावर अवलंबून असतात. सुमारे दीडशे वर्षांच्या काळात देशोदेशींच्या सायकल मंडळांनी हे प्रश्न कसे सोडविले, याचे थोडेसे दिग्दर्शन येथे करण्याचा आमचा विचार आहे. आपल्या तरुण वाचकांपैकी जे मित्रांसह पहाटे सायकली घेऊन बाहेर पडतात, त्यांस ही हकीकत मनोरंजक व काही अंशी उपयुक्तही वाटेल अशी आशा आहे.

आज हयात असलेल्या सायकल मंडळांत सर्वांत जुने मंडळ म्हणजे लंडनचा पिकविक बायसिकल क्लब होय. ता. २२ जून १८७० रोजी हॅक्नी येथे त्याची स्थापना झाली. विख्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स हे त्याच महिन्याच्या ९ तारखेस निवर्तले होते. म्हणून त्यांच्या एका लोकप्रिय कृतीवरून मंडळाने आपले नाव घेतले. पुढे थोड्याच वर्षांत जे वाहन प्रचारात आले त्याचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे अगदी लहान असे. वाटेत एखादा धोंडा आडवा आला की स्वार डोक्यावरून पुढे फेकला जावयाचा. अशी दहा-वीस वाहने एकामागोमाग धावत असता पहिला पडला तर त्याच्यावर सर्वांचीच रास व्हावयाची. यास्तव तत्कालीन मंडळांनी लष्करी पद्धतीची शिस्त स्वीकारली. पुढे कप्तान, पाठीमागे उपकप्तान, मध्ये दोन-दोनच्या जोडीने स्वार, आणि बरोबर एक बिगुलवाला. चढा, उतरा, सावकाश चला, या आज्ञा बिगुलाच्या सुरांवरून कळत. कप्तानास ओलांडून कोणी पुढे जाऊ नये असा दंडक असे. गणवेश आणि बिगूल यांचा तो थाट आज काहीसा हास्यास्पद वाटेल. परंतु त्यात एक शहाणपण होते. लांबलचक रांगेत पुढच्याची हाक मागच्यास ऐकू जात नाही. बिगुलाचा नाद मात्र शेवटच्या स्वारापर्यंत पोहोचतो. शिवाय शेपटाशी एक जबाबदार मनुष्य नेमलेला असल्यामुळे कोण मागे पडला हे तत्काळ समजे. बिगूल काळाच्या ओघात गेला, पण पुढे एक व मागे एक नायक ठेवण्याची रीत अजूनही टिकून आहे.

नजीकच्या गावी जाऊन संध्याकाळी परतावयाचे असेल तर एवढी व्यवस्था पुरे. दूरच्या, अनोळखी मुलखात जावयाचे तर माहिती हवी. ही उणीव भरून काढण्यासाठी ता. ५ ऑगस्ट १८७८ रोजी हॅरोगेट येथे स्टॅन्ले कॉटरेल नामक तरुणाच्या पुढाकाराने बायसिकल टूरिंग क्लब निघाला. १८८३ साली त्याचे नाव सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब असे झाले. या संस्थेने गावोगावी आपले प्रतिनिधी नेमले. ते रस्त्याची, चढउतारांची, दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांची माहिती परक्या स्वारास पुरवीत. खानावळी व उतारशाळा यांच्याशी दराचे करार केले आणि तेथे पंखयुक्त चाकाचे आपले चिन्ह लाविले. धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर सूचनाफलक उभारले. त्या काळच्या वाहनांचे ब्रेक फारच कमजोर असत. तेव्हा अशा एका फलकाने किती जणांची हाडे शाबूत राहिली असतील याची कल्पनाच केलेली बरी. १८९९ साली या संस्थेचे साठ हजारांहून अधिक सभासद होते. सफरीचे खरे नियोजन ती निघण्यापूर्वी घरी बसून करावयाचे असते, हा धडा मंडळांनी येथे घेतला. पुढे पुढे तर हंगामाच्या आरंभीच तारीख, मुक्कामाचे ठिकाण, निघण्याची वेळ आणि चहाचा थांबा ही सर्व छापलेले कार्ड प्रत्येक सभासदाच्या हाती देण्याचा प्रघात पडला.

इकडे १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी कॉव्हेंट्री येथे दोन सारख्या चाकांची व साखळीची सायकल तयार केली आणि १८८८ साली डनलॉप यांनी हवेने भरलेली धाव आणली. त्यामुळे जे वाहन केवळ धाडसी तरुणांचे होते ते वृद्धांचे, कारकुनांचे व स्त्रियांचेही झाले. त्याच १८८८ सालच्या इंग्लंडच्या एका कायद्याने सायकलीस गाडीचा दर्जा मिळाला, आणि त्याबरोबर माणसे व वाहने यांस ओलांडून जाताना घंटा वाजविण्याचे कर्तव्यही तिच्यावर आले. मंडळे वाढली, तशी अडचणही वाढली. पूर्वी सर्वांचे बळ जवळजवळ सारखे होते. आता एकाच रांगेत वीस वर्षांचा पहिलवान आणि पन्नाशीचा गृहस्थ शेजारी आले.

आणि रांगेत कोणास घ्यावयाचे हाही प्रश्न उत्पन्न झाला. लेडी हार्बर्टन या उमरावपत्नी ता. २७ ऑक्टोबर १८९८ रोजी सायकलीस सोयीचा असा सैल विजारीचा पोशाख करून सरे परगण्यातील ऑकम येथील हॉटबॉय हॉटेलात भोजनास गेल्या असता मालकिणीने त्यांस भोजनगृहात बसू देण्याचे नाकारले. सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबाने १८९९ साली या बाबतीत खटला भरला. पण तो हरला. पराभव झाला खरा, तथापि आपल्या सभासदास वाटेत दार बंद झाले तर त्याची दाद मागणे हे मंडळाचे काम आहे, एवढे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. अमेरिकेत याच्या उलट घडले. १८८० साली न्यूपोर्ट येथे स्थापन झालेल्या लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन या बलाढ्य संस्थेने १८९४ साली कृष्णवर्णीयांस सभासदत्व बंद केले. आणि त्या ठरावाचा जाहीर निषेध करून तो रद्दबातल ठरविण्यास १९९९ साल उजाडावे लागले. उत्तम रस्ते मिळावेत म्हणून झगडणाऱ्या लोकांनी ते रस्ते काहींसाठी बंद करावे, याहून मोठी विसंगती ती कोणती?

सामान्य मजुरांस सोबत घेऊन सफरी आखण्याचे कार्य इंग्लंडात क्लॅरियन सायकल क्लबाने केले. १८९४ साली बर्मिंगहॅम येथे तो निघाला. त्याच्या राजकीय मतांशी येथे आमचे कर्तव्य नाही. त्याची योजकता मात्र उल्लेखनीय आहे. १८९५ च्या ईस्टरच्या सुटीत डर्बीशायरमधील ॲशबोर्न येथे त्याचा पहिला मेळा भरला. निरनिराळ्या शहरांच्या टोळ्यांनी आपापल्या घरून निघावे आणि एकाच गावी मिळावे, अशी ही रीत. प्रत्येक टोळी आपल्या शक्तीप्रमाणे चाले आणि भेटीचा आनंद मात्र सर्वांचा एकच असे.

रविवारच्या सफरींमुळे मंदिरे ओस पडतात अशी तक्रार त्या दशकात इंग्लंडचे धर्मोपदेशक वारंवार करीत. याही बाबतीत भांडणापेक्षा वेळापत्रकच अधिक उपयोगी पडते, असे आम्हांस वाटते. उपासना आटोपून निघणारी टोळी घटकाभर उशिरा पोहोचेल, इतकेच. कॉव्हेंट्रीनजीक मेरिडन येथे महायुद्धात पडलेल्या सायकलस्वारांचे स्मारक १९२१ साली उभारले गेले. तेथे दरवर्षी होणाऱ्या उपासनेस सायकलस्वार दूरदुरून टोळ्या करून येतात. इटलीत कोमो सरोवराच्या वरच्या बाजूस मॅग्रेलिओ गावी घिसाल्लोच्या मरियामातेचे लहानसे मंदिर आहे. चढ चढून आलेले स्वार तेथे थांबत. हे पाहून बाराव्या पायस महाराजांनी १९४९ साली तिला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले.

आता गतीच्या प्रश्नाकडे वळू. १८९७ साली १२ इटालियन स्वारांनी रोम ते नेपल्स हे सुमारे २३० किलोमीटर अंतर एका दिवसाच्या उजेडात तोडले, आणि त्यातून ‘ऑडॅक्स’ म्हणजे धाडसी या नावाची चळवळ निघाली. फ्रान्सात हांरी देग्रांज यांनी १९०४ साली ती आणिली. सर्वांनी कप्तानाच्या मागे ठरलेल्या समान गतीने चालावे, एकत्र थांबावे, एकत्र पोहोचावे, हा तिचा नियम. १९२१ साली मतभेद होऊन ऑडॅक्स क्लब पारिझियां याने वेगळी वाट धरली: ठराविक मुदतीत, ठराविक ठाणी घेत, ज्याने त्याने आपल्या गतीने जावे. आजही दोन्ही पद्धती चालू आहेत. पहिलीत गती ताशी साडेबावीस किलोमीटर. दुसरीत २०० किलोमीटरांस साडेतेरा तासांची मुदत. आपल्याकडे पुणे, मुंबई, नाशिक येथे जे दीर्घ पल्ल्याचे उपक्रम होतात ते या दुसऱ्या पद्धतीचे.

पहिली पद्धत दुर्बळास पाठबळ देते, कारण पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्यास वारा कमी लागतो व त्याचे श्रम पुष्कळ वाचतात. पण ठरलेली गतीच न झेपणाऱ्यास तेथे जागा नाही. दुसरी पद्धत स्वातंत्र्य देते, पण अंधारात चाक फुटलेला मनुष्य एकटा पडू शकतो. या दोहोंमधून विवेकाचा मार्ग दाखविला तो सेंट-एत्येन येथील पॉल द विवी यांनी. ते १८५३ साली जन्मले व १९३० साली वारले. १८८७ पासून ते सायकलीविषयी मासिक चालवीत. त्यांच्या उपदेशाचे सार असे: थांबे थोडे व आखूड असावेत, भुकेपूर्वी खावे, तहानेपूर्वी प्यावे, दमून जाण्याची वेळ येऊ देऊ नये, आरंभीच्या तासांत जोर करू नये, आणि केवळ मिरविण्यासाठी पायडल मारू नये. शेवटचा नियम टोळीच्या अग्रभागी असणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. पुढचा एक जण वळणावर मंदावून पुन्हा वेग घेतो, तेव्हा शेवटच्यास ते अंतर भरून काढण्यासाठी जिवाच्या आकांताने धावावे लागते. पुढच्याच्या क्षणाच्या हौसेचे मोल मागचा देतो.

मुंबईकरांनी हे सर्व आपल्या अनुभवाने पडताळले आहे. ता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. तिघे वाटेत वेगळे झाले; आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर प्रवास करून ता. १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. साडेचार वर्षे वाळवंट, अरण्य व पर्वत यांतून तिघांनी सोबत टिकविली, हे आम्हांस अंतराच्या आकड्याहूनही मोठे वाटते.

तात्पर्य, सफर आखताना प्रथम तिच्यातील सर्वांत मंद मनुष्य डोळ्यांपुढे आणावा. त्यास झेपेल ते अंतर, त्यास साधेल ती वेळ, त्याच्या पोटास पुरेल असे थांबे, आणि त्याच्या मागे एक भरवशाचा सोबती. वेगवानांस हौस भागवावयाची असेल तर त्यांची निराळी टोळी करून भेटीचे गाव एक ठेवावे. बिगूलवाल्यांपासून आजवरच्या मंडळांनी जे जे उत्तम केले ते याच एका विचारातून निघाले. आणि जेथे त्यांनी कोणास दाराबाहेर ठेविले, तेथे त्यांच्या इतिहासास डाग लागला. आपल्या तरुणांच्या टोळ्या निघतील तेव्हा किती कोस झाले हे अवश्य मोजावे. पण जितके निघाले तितके घरी आले की नाही, हे त्याआधी मोजावे.