सिमेंटचा पत्रा आणि त्याचे खरे नाव

आमच्या वाड्यावर गेली वीसेक वर्षे गवंडीकाम करणारे एक गृहस्थ आहेत. मूळचे बीदर जिल्ह्यातल्या हुमनाबाद तालुक्यातले, हळ्ळीखेड (बी)चे. हळ्ळीखेडे दोन, एक (बी) आणि दुसरे (के). ह्या अक्षरांत बुजुर्ग आणि खुर्द हे फारसी शब्द दडले आहेत. आपण बुद्रुक आणि खुर्द म्हणतो तेच. नाव आखूड झाले की अर्थ कसा लपून बसतो, त्याचा हा एक नमुना. दुसरा नमुना त्यांनी स्वतःच आणून दिला.

म्हातारपणी गावी परतायचे म्हणून ते तिकडे एक जुने घर विकत घेत आहेत. खरेदीचा मसुदा कन्नडमध्ये होता, त्याचा अर्थ त्यांनीच मला सांगितला. भिंती दगडमातीच्या, छप्पर पत्र्याचे.
"कसला पत्रा?" मी विचारले.
"सिमेंटचा, मास्तर. पक्का आहे."
पत्र्याचे खरे नाव, अ‍ॅस्बेस्टॉस, मसुद्यात कुठेच नव्हते.

त्या मुलखातले जुने छप्पर म्हणजे माळवद. तुळयांवर फळ्या आणि काड्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहायचे, पण पावसाच्या तोंडावर दर वर्षी माती टाकून, चोपून घ्यावी लागे. आपल्याकडे नळ्यांचे छप्पर परतून घेत, तसेच ते. आपल्याला निदान मंगळुरी कौलांचा आधार मिळाला. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना घातला आणि पुढे सारा किनारा त्या कौलांनी लाल झाला. बीदरच्या पठारावर आपल्यासारखाच जांभा दगड असला तरी कौलांची ती सोय नव्हती. लाकूड महागले, माळवद राखायला माणसे मिळेनाशी झाली आणि पत्र्याला वाट मोकळी झाली.

हा पत्रा जन्माने युरोपियन. विसाव्या शतकाच्या आरंभी लुडविग हाचेक या ऑस्ट्रियन कारखानदाराने सिमेंटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळून पातळ, हलके आणि न जळणारे तक्ते काढले. शाश्वत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांना 'एटर्निट' नाव दिले. ते तंतू किती शाश्वत असतात हे फुप्फुसांना पुढे कळले. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी अ‍ॅस्बेस्टॉसच्या गिरणीत राबलेली नेली कर्शॉ १९२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांच्या तपासणीतून त्या रोगाची वैद्यकीय चर्चा सुरू झाली. १९३१ साली ब्रिटनने आपल्या कारखान्यांसाठी धुळीचे नियम केले. त्याच दशकात मुंबईजवळ मुलुंडला सिमेंट पत्र्यांचा कारखाना उभा राहिला. १९४६ साली हैदराबादेत दुसरी कंपनी निघाली आणि तिचे 'चारमिनार' पत्रे दख्खनभर पोचले. बीदर तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. राजधानीचा माल आपल्या घरावर येतो, ह्याचेही लोकांना कौतुक असणार.

पत्र्याचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. तो गंजत नाही, टिनाइतका पावसात वाजत नाही, स्लॅबच्या मानाने फारच स्वस्त पडतो. म्हणून गरिबाने तो घेतला. पण बोलण्यात अ‍ॅस्बेस्टॉस गळले आणि सिमेंट तेवढे उरले. सरकारी जनगणनेतही लोखंडी पत्रा आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा एकाच रकान्यात बसवले, आणि तो रकाना पक्क्या छपरांचा!

मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२च्या कायद्यातले ५५वे कलम सांगते की, विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. आता छप्पर तर सर्वांना दिसते. ते काय आहे, हे मात्र बहुधा दोघांनाही ठाऊक नसते. मग सांगायचे कोणी आणि विचारायचे कोणी?

ब्रिटनने १९९९ साली आणि युरोपीय संघाने २००५ साली अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आणली. आपल्याकडे खाणींवर बंधने आली, पण बाहेरून आणलेल्या पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे अजून होतात आणि उघड विकले जातात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराचे आरोग्य हा त्याचा हक्क मानला आणि त्याच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपायला सांगितल्या. रोग दिसायलाच वीस ते चाळीस वर्षे लागतात, म्हणून इतकी लांब मुदत.

हे सारे ऐकून त्यांनी विचारले, "मग घर घेऊ नको?" मी म्हटले, घ्या की. पत्रा अखंड असेल, भुगा पडत नसेल, तर त्याखाली बसल्याने लगेच काही होत नाही. धोका आहे तो तंतू हवेत उडण्यात. म्हणून त्याला भोक पाडू नका, घासू नका, कोरडा झाडू नका. काढायचाच झाला तर माहीतगार माणसाकडून, पाणी मारून, आकड्यांचे नट सोडवून अख्खा उतरवा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा घट्ट मास्क लागतो. उतरवलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये बांधा. तुकडे रस्त्याच्या भरावात किंवा गोठ्याच्या आडोशाला देऊ नका. खात्री हवी असेल तर ती प्रयोगशाळेतच होते. आणि ह्या खर्चाचा हिशेब आधी मांडून मग घराची किंमत ठरवा.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घराचं कळलं, मास्तर. पण वीस वर्षं इथं गोव्यात मी कटर लावून पत्रे कापले. नाकातोंडात पांढरं पीठ जायचं. त्याचं काय?"

न्यायालयाने जपायला सांगितलेल्या नोंदी कारखान्यातल्या कामगारांच्या. ह्यांचे नाव कुठल्याच वहीत नाही. मी एवढेच सांगू शकलो की विडी आजच सोडा, कारण ह्या धुळीबरोबर तंबाखूचा धूर कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढवतो. छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि कोणते काम किती वर्षे केले ते आपण होऊन सांगा. डॉक्टर विचारतीलच असे नाही.

एका कागदावर मी मोठ्या अक्षरांत 'अ‍ॅस्बेस्टॉस' असे लिहून दिले. त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.