पाइपमधील स्मृतीचा हिशेब : एक ऐतिहासिक टिपण

संगणकाच्या कर्नेलने स्वतःच्या बफरांसाठी घेतलेली स्मृती कोणाच्या खाती मांडावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक भासतो. वस्तुतः तो दायित्वाचा आहे. त्याचा विकास युनिक्समधील ‘पाइप’ या साधनाच्या इतिहासावरून स्पष्ट होतो.

बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ साली पाइप युनिक्समध्ये आला. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत पाइपमध्ये अधिकाधिक ४,०९६ बाइट साठत, आणि तेही फाइलव्यवस्थेच्या द्वारे. कर्नेलपाशी ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांचे अवघे १५ बफर असत. संख्याच ठरलेली असल्याने निराळ्या हिशेबाचे प्रयोजन नव्हते; टंचाई हीच मर्यादा होती.

लिनक्समध्ये ही स्थिती पालटली. २००५ च्या २.६.११ आवृत्तीपासून पाइपची धारणशक्ती ६५,५३६ बाइट झाली. २०१० पासून सामान्य वापरकर्त्यासही ती १ मेगाबाइटपर्यंत वाढविता येऊ लागली. एका प्रक्रियेस उघड्या फाइलींची रूढ मर्यादा १,०२४. पाइप भरून त्याचे लेखनाचे टोक मिटविले, तर एकच प्रक्रिया सुमारे १ गिगाबाइट स्मृती अडवू शके. ही पाने प्रक्रियेच्या नावे मांडलीच जात नसत. स्मृती संपली की कर्नेल मोठी दिसणारी प्रक्रिया संपवी. म्हणजे ऋण एकाचे आणि दंड दुसऱ्यास, असा प्रकार घडे.

यावर दोन उपाय झाले. २०१६ च्या ४.५ आवृत्तीत प्रत्येक वापरकर्त्याच्या पाइपांना १६,३८४ पानांची सौम्य मर्यादा घातली गेली. ४,०९६ बाइटांच्या पानांच्या हिशेबाने ती ६४ मेगाबाइट होते. दुसरा उपाय प्रक्रियासमूहांचा. २००८ साली आलेला स्मृतिनियंत्रक आरंभी कर्नेलच्या स्वतःच्या स्मृतीची गणना करीत नसे. २०१३ च्या ३.८ आवृत्तीत ती सोय झाली, आणि पुढे पाइपची पानेही तिच्या कक्षेत आली.

या दोन उपायांतील भेद विचारार्ह आहे. पहिला पाइप निर्माण करणाऱ्यास, पाइप रिकामा असला तरी, त्याच्या पूर्ण धारणशक्तीसाठी जबाबदार धरतो. दुसरा प्रत्यक्ष पान घेणाऱ्या लेखकाच्या समूहावर भार टाकतो. वाचणारा मात्र दोन्ही वह्यांत ऋणको ठरत नाही, जरी त्याच्याच दिरंगाईने पाने अडून राहत असली तरी. सामायिक वस्तूचा धनी कोण, या प्रश्नाचे एकच उत्तर संभवत नाही, हेच या इतिहासातून निष्पन्न होते.