सवलतीची भूमी आणि शासनाचा अधिकार

व्यापारी कंपनीस राज्यसत्तेने विशेष अधिकार द्यावेत आणि पुढे त्याच अधिकारांच्या मर्यादेवरून उभयतांत वाद उद्भवावा, हा क्रम मुंबई बंदराच्या परिसरास नवा नाही. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीस दिले. १७७३ पासून त्याच कंपनीस आवरण्यासाठी पार्लमेंटला एकामागून एक कायदे करावे लागले. बंदराच्या पूर्व तीरावरील न्हावा-शेवा परिसरात एकविसाव्या शतकात हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला.

त्याची पूर्वपीठिका भूसंपादनाची आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व नवी मुंबईसाठी आगरी-कोळी समाजाची भातशेती आणि मिठागरे ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी घेण्यात आली. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मधील गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित भूमीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले. तोवर भूमी घेणारा पक्ष शासन हाच होता.

२००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याने ही स्थिती पालटली. अशा क्षेत्रास जकातीच्या दृष्टीने देशाच्या सीमेबाहेरचे मानण्यात आले. प्राप्तिकरात सूट मिळाली. कारभारावर केंद्राने नेमलेला विकास आयुक्त आला. रिलायन्स समूहाच्या महामुंबई क्षेत्रासाठी उरण, पेण व पनवेल तालुक्यांतील भूमी राज्य शासनाने १८९४ च्या कायद्यान्वये संपादण्यास आरंभ केला. ‘सार्वजनिक प्रयोजन’ या शब्दाचा अर्थ खासगी उद्योगापर्यंत ताणता येतो काय, हाच वादाचा गाभा होय.

प्रा. एन. डी. पाटील प्रभृतींच्या नेतृत्वाखालील विरोध तीव्र होताच शासनाची अडचण स्पष्ट झाली. एका बाजूस कंपनीस दिलेले अभिवचन, दुसऱ्या बाजूस हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील, म्हणजे शासनानेच सिंचनासाठी निवडलेली शेती. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. कंपनीसाठी भूमी द्यावी किंवा न द्यावी, हे शासनाने भूमिधारकांसच विचारावे, ही घटना अपूर्व होती. तथापि निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही.

पुढील निर्णय तत्त्वाने नव्हे, तर मुदतीने केला. घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा न झाल्यास संपादन रद्द होते, अशी तरतूद मूळ कायद्यात १९८४ मध्ये घालण्यात आली होती. त्यानुसार २००९ मध्ये महामुंबईची संपादन-प्रक्रिया संपुष्टात आली.

सवलतींमुळे शासनाचा महसूल बुडतो, ही टीका नेहमी केली जाते. या प्रकरणात त्याहून मोठी हानी दिसते. सवलत देणारे शासनच कंपनीसाठी भूमी मिळवू लागले, तेव्हा कंपनी व शेतकरी यांच्यातील लवादाचे त्याचे स्थान गेले. मतदान घेऊन ते स्थान परत मिळविण्याचा मार्ग त्याने शोधला. निकाल पेटीत ठेवून तो अर्ध्यावरच सोडला. शेतकऱ्यांची भूमी राहिली, परंतु त्यांच्या नकाराला कायद्यात किती किंमत आहे, हा प्रश्न अनिर्णितच राहिला.