चक्रवाक

(ब्राह्मणी बदक, शास्त्रीय नाव टॅडोर्ना फेरुजिनिया). ॲनॅटिडी कुलातील हिवाळी पाहुणा पाणपक्षी. लांबी सु. ६५ सेंमी. रंग नारिंगी-तांबूस, डोके फिकट, शेपटी काळी. उडताना पंखांवरचा पांढरा भाग उठून दिसतो. विणीच्या हंगामात नराच्या गळ्याभोवती काळे वलय येते.

वीण : लडाख, तिबेट व मध्य आशियात, कड्यांच्या कपारींत. अंडी सु. ८.

निरीक्षण : महाराष्ट्रात जायकवाडी, उजनी व नांदूर मध्यमेश्वर येथे हिवाळ्यात आढळतो. दिवसा जोडी उघड्या वाळूवर किंवा चिखलाच्या काठावर विसावते. पक्षी अतिशय सावध असल्याने दुर्बीण आवश्यक. चरणे बरेचसे रात्री. त्या वेळी पांगलेले नर-मादी सानुनासिक स्वरात एकमेकांना साद घालतात. ही जोडी रात्री विरहात असते, या काव्यसंकेताचे मूळ या सवयीत असावे.

काव्यातील स्थान : ऋग्वेदात अश्विनांना चक्रवाकांच्या जोडीची उपमा आहे, अथर्ववेदाच्या विवाहसूक्तात तीच नवदांपत्यासाठी येते. दोन्हीकडे भर सहवासावर आहे. रात्री जोडी ताटातूट होऊन नदीच्या दोन काठांवर आक्रंदते, हा संकेत अभिजात संस्कृत काव्यात रूढ झालेला दिसतो. या ताटातुटीचे कारण म्हणून शापाच्या कथा सांगतात, पण त्या एकसारख्या नाहीत. कालिदासाने तो वारंवार योजला : मेघदूतात यक्षपत्नी एकाकी चक्रवाकीसारखी आहे, कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात तपाचरण करणारी पार्वती विरही जोडीवर करुणा करते. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात तर आश्रमातील वडीलधारी गौतमी येत असल्याची सूचना चक्रवाकीला उद्देशून पडद्याआडून दिली जाते. संकेताचा इतका नाट्यमय उपयोग क्वचितच आढळतो.

मराठीत या पक्ष्याला सर्वांत उंच स्थान ज्ञानेश्वरीने दिले. सोळाव्या अध्यायाच्या आरंभी सद्‌गुरूंचे सूर्यरूपकात स्तवन आहे. तेथे बुद्धी आणि बोध हे चक्रवाकांचे जोडपे भेदरूपी नदीच्या दोन थडींवर विरहाने आरडत असते आणि चैतन्याच्या आकाशातील तो सूर्य त्यांना सामरस्याचे सुख देतो. शृंगारातील विरह अद्वैताच्या अनुभवाकडे वळवणारी ही प्रतिमा अजोड आहे. पक्षिकोशांत तिचा निर्देश अवश्य असावा.

चकोराशी गल्लत करू नये. तो तित्तिरवर्गातील भूचर पक्षी असून काव्यात चांदण्याशी निगडित आहे.

संगीत : कर्नाटक पद्धतीतील सोळावा मेळकर्ता राग चक्रवाकम्.

सद्यःस्थिती : आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत ही जाती ‘किमान चिंता’ गटात मोडते.