अमेरिकी कॉमिक्स : आधी मागणी, मग परीक्षण

पुस्तक प्रकाशित होते, त्यानंतर त्याचे परीक्षण छापून येते आणि ते वाचून काही वाचक दुकानाकडे वळतात, हा ग्रंथव्यवहाराचा सर्वपरिचित क्रम आहे. अमेरिकेतील कॉमिक्सच्या मासिक अंकांना मात्र तो लागू पडत नाही. तेथे अंक बाजारात येण्याच्या सुमारे दोन महिने आधीच दुकानदाराने आपल्याला किती प्रती हव्यात हे कळवलेले असते. त्या मागणीवरून छपाईचा आकडा ठरतो आणि एकदा घेतलेल्या प्रती सहसा परत करता येत नाहीत. परीक्षकाच्या हाती अंक पडतो, तोवर त्या अंकाचे व्यावसायिक भवितव्य बहुतांशी ठरून गेलेले असते. परीक्षण म्हणजे वरातीमागून घोडे. तेथील कॉमिक्सविषयक पत्रकारितेत समीक्षेपेक्षा बातमीला, आणि बातमीपेक्षाही आगाऊ बातमीला, एवढे वजन का आले याचे उत्तर या व्यवस्थेत सापडते.

ही व्यवस्था मुळात अशी नव्हती. १९३० च्या दशकापासून अमेरिकी कॉमिक्स वृत्तपत्रांच्या स्टॉलवर, औषधांच्या दुकानांत आणि किराणा दुकानांत विकली जात. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ ज्या मार्गाने घरोघरी पोहोचला, त्याच स्वरूपाचा हा मार्ग होता. न विकलेल्या प्रती परत घेतल्या जात. पुढे प्रती परत पाठवण्याऐवजी मुखपृष्ठाचा वरचा पट्टा कापून पाठवणे पुरेसे ठरले आणि त्याहीनंतर ‘इतक्या प्रती नष्ट केल्या’ असे नुसते लेखी दिले तरी भागू लागले. यातून जो गैरव्यवहार व्हावयाचा तो झालाच. नष्ट झाल्याचे कागदोपत्री दाखवलेले गठ्ठे मागच्या दाराने विकले जात. १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रकाशकांना हा मार्ग आतबट्ट्याचा वाटू लागला होता.

फिल स्यूलिंग या ब्रुकलिनमधील शाळाशिक्षकाने त्यावर तोडगा सुचवला. न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सप्रेमींची संमेलने भरवणाऱ्या या गृहस्थाने १९७३ च्या सुमारास प्रकाशकांशी थेट बोलणी केली. प्रती परत करणार नाही, पण सवलत अधिक हवी, असा त्याचा प्रस्ताव होता. यातून केवळ कॉमिक्स विकणाऱ्या दुकानांचे जाळे उभे राहिले. १९८१ मध्ये ‘मार्व्हल’ने ‘डॅझलर’ या मालिकेचा पहिला अंक केवळ या दुकानांसाठी काढला आणि त्याच्या चार लाखांहून अधिक प्रतींची मागणी आली. स्टॉलला वगळूनही धंदा होऊ शकतो, हे त्यामुळे दिसून आले. या व्यवस्थेचे श्रेय मोठे आहे. स्टॉलवर कधीच न दिसले असते असे कितीतरी लहान प्रकाशक तिच्यामुळे तगले. मात्र प्रकाशकाची जोखीम यात दुकानदाराच्या खांद्यावर गेली, आणि जोखीम ज्याच्या खांद्यावर असते, त्याला परीक्षणापेक्षा पूर्वसूचना अधिक हवी असते.

ती पूर्वसूचना वितरकाच्या मासिक सूचिपत्रातून मिळे. स्टीव्ह गेपी यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या ‘डायमंड’ या वितरण संस्थेचे ‘प्रीव्ह्यूज’ हे सूचिपत्र दीर्घकाळ या धंद्याचे पंचांगच होते. एखादे मुखपृष्ठ, दोन-तीन ओळींचा मजकूर, लेखक-चित्रकारांची नावे आणि किंमत एवढ्या भांडवलावर दुकानदाराने अंदाज बांधावयाचा. ‘बाजारात तुरी’ म्हणतात तो हाच प्रकार. पुढील काळात अंक येण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी आकडा बदलण्याची मुभा देणारी अंतिम मुदत आली, त्यामुळे थोडी सैल मिळाली. पण पूर्ण अंक वाचून मागणी नोंदवणारा दुकानदार तेव्हाही विरळाच होता.

खपाच्या आकड्यांची कथाही अशीच. ‘अमुक अंक लाखभर खपला’ अशी बातमी येते, तेव्हा तो आकडा बहुधा दुकानदारांनी उचललेल्या प्रतींचा असतो. वाचकांनी विकत घेतलेल्या प्रतींचा नव्हे. ‘डायमंड’ तर प्रत्यक्ष संख्याही जाहीर करीत नसे. ‘बॅटमॅन’च्या मागणीला १०० मानून इतर अंकांचे प्रमाण तेवढे दिले जाई. एखाद्या मालिकेची खरी संख्या अन्य मार्गाने कळली की त्या प्रमाणावरून बाकीचे आकडे काढावयाचे, असा उद्योग जॉन जॅक्सन मिलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी नेटाने केला. या व्यवसायाची आज उपलब्ध असलेली आकडेवारी बरीचशी अशा गणिताची फलश्रुती आहे.

बातमी आणि जाहिरात यांतील सीमारेषा पुसली गेली की काय होते, हे १९९० च्या दशकाने दाखवले. १९९१ मध्ये ‘विझार्ड’ हे मासिक सुरू झाले. आगामी अंकांच्या बातम्या, मुलाखती आणि जुन्या-नव्या अंकांचे बाजारभाव हा त्याचा ऐवज होता. गेल्या महिन्यात घेतलेल्या अंकाची किंमत या महिन्यात वाढलेली दिसू लागताच वाचकाचे रूपांतर गुंतवणूकदारात झाले. त्याच वर्षी क्रिस क्लेअरमाँट आणि जिम ली यांच्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या, निरनिराळ्या मुखपृष्ठांसह, ८० लाखांहून अधिक प्रती दुकानदारांनी मागवल्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनचा मृत्यू दाखवणारा अंक काळ्या पिशवीत बंद करून विक्रीस आला आणि तो घेण्यासाठी रांगा लागल्या. पिशवी न फोडता अंक जपून ठेवणाऱ्याला आतील कथेचे परीक्षण कशासाठी हवे? सुपरमॅनच्या पुनरागमनाचा अंक १९९३ मध्ये आला, तेव्हा दुकानदारांनी त्याही प्रती भरभरून मागवल्या. त्यातील पुष्कळशा दुकानांतच पडून राहिल्या. परतीची सोय नव्हतीच. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत दुकाने मोठ्या संख्येने बंद पडली.

याच पडझडीत वितरकांची लढाई झाली. ‘मार्व्हल’ने १९९४ च्या अखेरीस ‘हीरोज वर्ल्ड’ ही वितरण संस्था विकत घेऊन आपले अंक फक्त तिच्यामार्फत देण्याचे ठरवले. उत्तरादाखल अन्य मोठे प्रकाशक ‘डायमंड’शी करारबद्ध झाले. १९९६ मध्ये ‘डायमंड’ने आपला प्रतिस्पर्धी ‘कॅपिटल सिटी’ विकत घेतला, त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ‘मार्व्हल’ने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १९९७ मध्ये ‘हीरोज वर्ल्ड’ बंद पडून तिचा धंदाही ‘डायमंड’कडे आला. पुढील सुमारे दोन तपे या बाजाराची चावी एकाच संस्थेच्या हाती राहिली.

या साऱ्या काळात वेगळ्या वाटेने चालणारे नियतकालिक म्हणून ‘द कॉमिक्स जर्नल’चा उल्लेख करावा लागतो. गॅरी ग्रोथ आणि माइक कॅट्रन यांनी १९७६ मध्ये एक जुने नियतकालिक ताब्यात घेऊन त्याला हे रूप दिले. कॉमिक्सला साहित्य आणि चित्रकला यांची मोजमापे लावली पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. त्याची परीक्षणे कठोर, क्वचित उद्धटही असत. पण त्याचे खरे कर्तृत्व बातमीच्या क्षेत्रात दिसले, आणि ते जॅक कर्बी यांच्या प्रकरणात.

‘फँटॅस्टिक फोर’, ‘हल्क’, ‘एक्स-मेन’ या मालिका स्टॅन ली यांच्या जोडीने निर्माण करणारा हा चित्रकार. छपाईनंतर मूळ चित्रे कंपनीकडेच राहत. पुढे ती चित्रकारांना परत करण्याचे ठरले, तेव्हा १९८४ मध्ये इतरांना एक पानी करारपत्र गेले आणि कर्बी यांच्यापुढे चार पानी करारपत्र आले. पात्रांवरील कोणताही हक्क आपण सांगणार नाही, अशी हमी त्यात मागितली होती. मोबदल्यात देऊ केलेली पाने होती ८८. कर्बी यांनी मार्व्हलसाठी हजारो पाने रेखाटली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. ‘जर्नल’ने हे प्रकरण अंकामागून अंक लावून धरले, करारपत्रातील अटी चव्हाट्यावर मांडल्या आणि लेखक-चित्रकारांच्या सह्यांचे निवेदन प्रसिद्ध केले. ॲलन मूर, फ्रँक मिलर यांच्यासारखे त्या वेळी ऐन भरात असलेले लेखक कर्बींच्या बाजूने उभे राहिले. १९८७ मध्ये कर्बी यांना सुमारे १,९०० पाने परत मिळाली. पात्रांच्या हक्काचा प्रश्न तसाच राहिला. १९९४ मध्ये ते वारले आणि त्यांच्या वारसांशी कंपनीची तडजोड झाली ती थेट २०१४ मध्ये.

अशा मोहिमेला पूर्वपीठिका होती. १९३८ मध्ये १३० डॉलरला ‘सुपरमॅन’ विकून बसलेल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांना १९७५ मध्ये वार्षिक २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन आणि श्रेयनामावलीत स्थान मिळाले, तेही वृत्तपत्रांत बोभाटा झाल्यावरच. मात्र तेथे सर्वसाधारण वृत्तपत्रे पुढे आली होती. कर्बी प्रकरणात या व्यवसायावरच जगणाऱ्या एका नियतकालिकाने व्यवसायातील बलाढ्य कंपनीला अंगावर घेतले, हे विशेष.

‘जर्नल’ही निष्कलंक म्हणता येणार नाही. १९८१ मध्ये हर्नांदेझ बंधूंनी स्वखर्चाने छापलेला ‘लव्ह अँड रॉकेट्स’चा अंक परीक्षणासाठी पाठवला. ग्रोथ यांना तो इतका आवडला की त्यांच्या ‘फँटाग्राफिक्स’ या संस्थेने १९८२ पासून ती मालिकाच प्रकाशित करावयास घेतली. अमेरिकी कॉमिक्समधील एक श्रेष्ठ मालिका त्यामुळे वाचकांना मिळाली. पण परीक्षक आणि प्रकाशक एकाच छपराखाली आले. इतरांच्या अंकांवर कोरडे ओढणाऱ्यांचा स्वतःचाही माल बाजारात आहे, असा आक्षेप पुढे वारंवार घेतला गेला आणि तो अगदीच निराधार नव्हता.

इंटरनेट आल्यावर बातमीचा वेग वाढला आणि छापील नियतकालिकांचा श्वास कोंडला. ‘विझार्ड’ची छपाई २०११ मध्ये थांबली, तर १९७१ मध्ये सुरू झालेले ‘कॉमिक्स बायर्स गाइड’ २०१३ मध्ये बंद झाले. अफवा हाही एक स्वतंत्र विभाग झाला. रिच जॉन्स्टन यांनी आपल्या सदरात प्रत्येक कुजबुजीपुढे वाहतूक दिव्याचे चिन्ह टाकण्याची पद्धत पाडली. हिरवा दिवा म्हणजे विश्वसनीय, लाल म्हणजे वाचकाने आपल्या जबाबदारीवर वाचावे. गंमत म्हणून सुरू झालेली ही प्रथा पुष्कळ गंभीर वृत्तपत्रांपेक्षा प्रामाणिक होती, असे म्हणावयास हरकत नाही. दुसऱ्या बाजूला मार्च २००७ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’च्या मृत्यूची बातमी, अंक विक्रीस आला त्याच सकाळी न्यूयॉर्कच्या दैनिकात झळकली. मोठी घटना आहे, एवढे कळण्यापलीकडे दुकानदारांना कल्पना नव्हती. गिऱ्हाईक दारात आणि प्रती संपलेल्या, अशी त्यांची अवस्था झाली.

परीक्षणाच्या दर्जाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. मासिक अंक वीस-बावीस पानांचा आणि कथा बहुधा पाच-सहा अंकांत विभागलेली. पहिल्या अंकाचे परीक्षण म्हणजे कादंबरीच्या पहिल्या प्रकरणावर निकाल देण्यासारखे असते. त्यातच बहुसंख्य परीक्षक कथानक सविस्तर सांगतात आणि अखेरीस ‘चित्रेही प्रभावी’ अशा दोन शब्दांत चित्रकाराची बोळवण करतात. पेन्सिलीने रेखाटणारा, शाई भरणारा, रंग देणारा आणि अक्षरे लिहिणारा असे चार निरनिराळे कारागीर अनेकदा एका पानामागे असतात. चौकटींचा आकार बदलल्याने काळाची गती कशी बदलली, संवादाचे फुगे नजरेला कोठून कोठे नेतात, हे सांगणारे परीक्षण दुर्मिळ. शिवाय आगाऊ प्रत आणि मुलाखत प्रकाशकाच्या मर्जीवर मिळत असल्याने अप्रिय मत मांडणाऱ्याला ती किंमत मनात धरूनच लिहावे लागते.

समीक्षेला खरी जागा मिळाली ती पुस्तकरूपात. आर्ट स्पिगेलमन यांचे ‘माउस’ १९८० पासून ‘रॉ’ या नियतकालिकात क्रमशः येत होते. १९८६ मध्ये त्याचा पहिला खंड ग्रंथरूपाने आला आणि १९९२ मध्ये त्याला विशेष पुलित्झर सन्मान लाभला. ग्रंथदुकानांत न विकलेल्या प्रती परत करता येतात, पुस्तक वर्षानुवर्षे उपलब्ध राहते, आणि म्हणून चांगले परीक्षण सहा महिन्यांनी आले तरी वाया जात नाही. ग्रंथपालही त्याची दखल घेतात.

मासिक अंकांची जुनी व्यवस्था मात्र अलीकडे हादरली. साथरोगामुळे ‘डायमंड’ने एप्रिल २०२० मध्ये नव्या अंकांचे वितरण थांबवले. जूनमध्ये ‘डीसी’ने त्यांच्याशी संबंध तोडले, २०२१ मध्ये ‘मार्व्हल’ने ‘पेंग्विन रँडम हाउस’ची वाट धरली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘डायमंड’ने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्यानंतर वाद उभा राहिला तो वखारीतील मालाचा. लहान प्रकाशकांनी केवळ विक्रीसाठी ठेवलेल्या, अद्याप त्यांच्याच मालकीच्या प्रती विकून देणी भागवण्याची परवानगी न्यायालयाकडे मागण्यात आली. ज्यांचा सारा साठा त्या वखारीत अडकला होता, त्यांच्यापैकी अनेकांना या धोक्याची जाणीव झाली ती न्यायालयीन कागदपत्रे वाचून बातम्या देणाऱ्या कॉमिक्स-पत्रकारांमुळे.